मारुतीच्या कमरेला पाणी: गोदाकाठच्या जुन्या खुणा कशा बदलत जातात

श्रावणात दोन-तीन दिवस झड लागली की जुन्या नाशकात एकच प्रश्न फिरायला लागतो, "मारुतीला पाणी कुठवर आलं?" कुठल्या मारुतीला, हे कुणी विचारत नाही. रामकुंडाजवळ, गोदावरीच्या थेट पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती. पाठीला पाठ लावून दोन तोंडं, अंगावर शेंदरी रंग, आणि चहूबाजूंनी पाणी. उत्तरंही ठरलेली असतात. "गुडघ्याला लागलंय." "कमरेपर्यंत आलं." "छातीला आहे, आता सराफ बाजारात शिरणार." माझ्या आजीचं घर पंचवटीत, घाटापासून फार लांब नव्हतं. "कमरेला" हा शब्द कानावर पडला की ती धान्याचे डबे खालून माळ्यावर हलवायला लावायची. तिला क्युसेक ठाऊक नव्हतं, पूररेषा ठाऊक नव्हती. तिचं गणित मारुतीच्या अंगावर लिहिलेलं होतं.

त्या मूर्तीची उंची आजही तेवढीच आहे. तरीही आजीच्या काळातलं "कमरेला पाणी" आणि आजचं "कमरेला पाणी" यांत फरक पडला आहे. असं का झालं, हे समजलं की नदीकाठच्या गावांतल्या जुन्या खुणा कशा बदलतात, ते बरंचसं उलगडतं. एखादी खूण पाडली किंवा नवीन बांधली तरच बदलते, असं आपण धरून चालतो. पण नदीकाठी दगड जागचा हलतही नाही आणि खूण बदलते, कारण तिच्या शेजारचं पाणी बदललेलं असतं, पायाखालची जमीन बदललेली असते, किंवा तिच्याकडे बघणारी माणसं.

आधी मारुतीचंच बघू.

पुराच्या वेळी पाणी किती वर चढेल, हे दोन गोष्टींवर ठरतं. वरून किती पाणी येतंय आणि ते वाहून जायला खाली किती जागा आहे. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशकात येईपर्यंत जेमतेम तीसेक किलोमीटर चाललेली असते. म्हणजे ती इथे अजून लहान आहे, डोंगराजवळ आहे, आणि डोंगरात कोसळलेला पाऊस काही तासांत घाटावर हजर होतो. गंगापूर धरण होण्याआधी वरचा सगळा पाऊस असा सरळ गावात यायचा. पाणी भरभर चढायचं, भरभर उतरायचं, आणि एका पावसाळ्यात मारुतीचे पाय कितीतरी वेळा धुतले जायचे.

१९६५ मध्ये गंगापूर धरण पूर्ण झालं. धरणाचा पुरावर होणारा परिणाम समजून घ्यायला घरातली पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी रिकामी असेल तोवर नळाला कितीही जोर असू दे, अंगणात थेंब सांडत नाही. टाकी काठोकाठ भरली की मात्र नळातून जेवढं येईल तेवढं बाहेर पडतं. धरणाचंही तसंच. जून-जुलैत ते रिकामं असतं, म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीचे लहान-मध्यम पूर पोटात घेतं. भरत आल्यावर जोराचा पाऊस झाला तर दारं उघडावीच लागतात. मग पूर येतो, आणि तो धरणाआधीच्या पुरासारखा नुसत्या पावसावर ठरत नाही. दारं किती उघडली त्यावर तो ठरतो.

त्यात धरणाची टाकीही लहान होत जाते. डोंगरातून येणारा गाळ तळाशी साचतो. गंगापूरची मूळ साठवण क्षमता ७२०० दशलक्ष घनफूट होती, आता ती ५६३० दशलक्ष घनफूट धरतात. म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त जागा मातीने घेतली. तेवढं पाणी आता पोटात मावत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. नदीचं पात्र म्हणजे पाणी वाहून नेणारी पन्हाळ. पन्हाळीत कडेने भराव आला, पूल आले, भिंती आल्या, तळ वर आला, तर तेवढंच पाणी जास्त उंचीवरून वाहणार. समजा मारुतीच्या पायथ्याचा तळ गाळाने आणि बांधकामाने फूटभर चढला, तर पूर्वी ज्या पाण्याला लोक "गुडघ्याला" म्हणायचे ते आता मांडीपर्यंत दिसेल. मापपट्टी तीच राहिली, पट्टीचा शून्य मात्र सरकला. म्हणूनच जुनी माणसं "आमच्या वेळी कमरेला पाणी असताना बाजारात यायचं नाही" असं सांगतात तेव्हा त्यांची आठवण खोटी नसते, आणि आजचा दुकानदार "कमरेला आलं की शटर ओढा" म्हणतो तेव्हा त्याचंही चुकत नाही.

१९६९, २००८, २०१६, २०१९. ही वर्षं नाशकात मोठ्या पुराची म्हणून लक्षात आहेत. २००८ च्या पुरानंतर पूररेषा हा शब्द इथल्या रोजच्या बोलण्यात आला, आणि त्याचा अर्थ लावताना फार मोठा घोळ होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. पूररेषा म्हणजे पुराचं पाणी कुठवर पोहोचेल ते दाखवणारी रेषा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची. "२५ वर्षांतून एकदा" म्हणजे एकदा येऊन गेला की पुढची २५ वर्षं निवांत, असा अर्थ बरेच जण काढतात. तो बरोबर नाही. दर पावसाळ्यात तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात चार, एवढंच त्याचं म्हणणं आहे. मागच्या वर्षी येऊन गेला असला तरी यंदाही शंभरात चार. आणि असे २५ पावसाळे सरले, तर त्यात निदान एकदा तरी तो येण्याची शक्यता शंभरात जवळजवळ ६४ होते. निळ्या रेषेच्या आत घर घेणाऱ्या माणसाने घरासाठी २० वर्षांचं कर्ज काढलेलं असतं. हप्ते फिटेपर्यंत पाणी दारात येऊन जाण्याची शक्यता न येण्याच्या शक्यतेपेक्षा जास्त असते. हे त्याला करारावर सही करण्याआधी कुणीतरी मराठीत समजावून सांगायला हवं.

माप मूर्तीवरून पुलावर गेलं

पंचवटी आणि नाशिक यांना जोडणारा जुना दगडी पूल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला. तेव्हा त्याचं नाव व्हिक्टोरिया पूल. पुढे अहिल्याबाई होळकर पूल झालं, आणि बोलताना नुसतं होळकर पूल. नाव बदललं हे सगळ्यांना माहीत आहे. त्याचं काम बदललं, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

पूल बांधला तो माणसं आणि गाड्या पलीकडे नेण्यासाठी. त्याआधी उन्हाळ्या-हिवाळ्यात दगडी सांडव्यावरून चालत जायचं आणि पावसाळ्यात नावेने. आज नदीवर इतके पूल झालेत की ओलांडण्यासाठी कुणी होळकर पुलावर अडून नाही. पण पावसाळ्यात रोजच्या बातमीत एक ओळ असते: गंगापूर धरणातून इतका विसर्ग, होळकर पुलाखालून इतके क्युसेक. पूल ही आता पाणी मोजण्याची जागा झाली आहे.

क्युसेक म्हणजे एका सेकंदात एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. १०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास २ लाख ८३ हजार लिटर. रस्त्यावर दिसणारा मोठा टँकर १०,००० लिटरचा धरला, तर दर सेकंदाला २८ टँकर तुमच्या पायाखालून जाताहेत. पुलाखाली हे मोजता येतं कारण तिथली रुंदी ठरलेली आहे. पाणी किती उंच आलं हे पट्टीवर वाचायचं, त्या उंचीला किती वेगाने किती पाणी जातं याचा हिशेब आधी करून ठेवलेला असतो. धरणातून सोडलेला आकडा आणि पुलाखालचा आकडा पुष्कळदा जुळत नाही, आणि लोक त्यावरून गोंधळतात. धरण आणि पूल यांच्या मधल्या भागात पडलेला पाऊस, तिथले ओढे-नाले, हे सगळं वाटेत मिळत जातं. म्हणून धरणाची दारं बंद असतानाही घाटावर पाणी चढू शकतं.

आजीची खूण गेली का? नाही. २०१९ च्या पुरात सगळ्यांच्या फोनवर क्युसेकचे आकडे येत होते, आणि त्याच फोनवर मारुतीचे फोटो फिरत होते. आकडा किती पाणी येतंय ते सांगतो. मारुती ते आपल्या गल्लीत केव्हा येईल ते सांगतो. दोन्ही लागतात.

मारुतीच्याही वरची पायरी म्हणजे नारोशंकराची घंटा. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये काठावर रामेश्वराचं मंदिर बांधलं. लोकांनी मात्र त्याला बांधणाऱ्याचंच नाव दिलं. त्याच्या दर्शनी भिंतीवर मोठी घंटा आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे आणि ती पोर्तुगिजांकडची. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हाच्या विजयाची खूण म्हणून ती इकडे आली असं सांगतात. आधी पोर्तुगिजांची, मग मराठ्यांच्या विजयाची निशाणी, आणि पुढे गोदावरीच्या महापुराची शेवटची खूण. घंटेला पाणी लागलं म्हणजे गाव बुडालं, असं जुन्या नाशकात म्हणत. ओतलेला धातू तोच. त्याला विचारायचा प्रश्न तेवढा दोनदा बदलला.

नाव राहतं, वस्तू जाते

आता दहीपुलाकडे या. बाहेरून आलेला माणूस दहीपुलावर उभा राहून "पूल कुठाय?" असं विचारतो, आणि त्याचं बरोबरच असतं. तिथे दिसतो तो बाजार, दुकानं, रस्ता. पूल आहे तो पायाखाली. जुन्या गावातून वाहत गोदावरीला मिळणारा सरस्वती नाला तिथून जातो, आता तो झाकलेला आहे. त्या पुलावर दही विकायला बसत, म्हणून हे नाव, असं जुने लोक सांगतात.

पाणी मात्र नाव विसरत नाही. जोराचा पाऊस झाला की दहीपूल आणि सराफ बाजार तुंबतात. त्याचं कारण साधं आहे. नाला उताराने नदीकडे जातो. नदीचंच पाणी वर चढलेलं असेल तर नाल्याला तोंड उरत नाही, पाणी मागे फिरतं आणि जिथे वाट मिळेल तिथून रस्त्यावर येतं. तेव्हा सोन्या-चांदीच्या दुकानांसमोर गुडघाभर पाणी उभं राहतं आणि वर्षभर न दिसलेला नाला दोन तास सगळ्यांना दिसतो. माझ्या मते गावाचा नकाशा काढताना अशी नावं आधी गोळा करावीत. दहीपूल म्हटलं की पूल आहे, पूल आहे म्हणजे खाली पाणी आहे. ही माहिती कुठल्याही कार्यालयात जायच्या आधी लोकांच्या तोंडी फुकट मिळते.

सांडव्याचंही असंच. सांडवा म्हणजे पात्रात आडवी घातलेली दगडी वाट. पाणी कमी असेल तेव्हा तिच्यावरून चालत जायचं, वाढलं की ते तिच्यावरून सांडतं. घाटावर सांडव्यावरची देवी आहे. आज दर्शनाला जाणाऱ्या किती मुलांना सांडवा म्हणजे काय ते सांगता येईल? त्यांनी तो शब्द ऐकला असेल तर धरणाच्या बातमीत, "सांडव्यावरून विसर्ग सुरू". पाणी सांडण्याची जागा गावातून उचलून धरणावर गेली आणि शब्दही तिच्यामागून गेला. गावात राहिली ती देवी.

काही खुणांचा दगड, जागा, नाव, पाणी सगळं तेच राहतं आणि अर्थ बदलतो. काठापासून थोडं आत असलेलं काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या शेवटी सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधलं. २ मार्च १९३० पासून त्याच्या दाराशी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढची वर्षं नेटाने चालवला. त्यानंतर त्या दाराकडे बघताना फक्त काळा दगड आणि कोरीव काम दिसणं शक्य नाही. यावर वेगळा लेखच हवा, इथे एवढंच.

एकाच वर्षात कोरडं आणि बुडालेलं

रामकुंडाविषयी बोलल्याशिवाय गंगेचं बोलणं पुरं होत नाही. हो, गंगेचं. नाशिककर "गोदावरीवर चाललो" म्हणत नाही, "गंगेवर चाललो" म्हणतो. १६९६ मध्ये हे कुंड बांधल्याची नोंद आहे. इथे अस्थी विसर्जनासाठी देशभरातून माणसं येतात. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थीही इथे आल्या, आणि शेजारच्या गांधी तलावाचं नाव त्या काळाची आठवण देतं. पात्रात अशी अनेक कुंडं होती, लक्ष्मण कुंड, सीता कुंड, धनुष कुंड, दशाश्वमेध, रामगया. प्रत्येकाला वेगळा आकार, वेगळी खोली, वेगळं नाव.

कुंड म्हणजे नुसता हौद नव्हे. आपला काळा पाषाण अखंड दिसला तरी त्याला भेगा असतात, आणि पावसाळ्यात जमिनीत मुरलेलं पाणी त्या भेगांतून नंतर महिनोन्‌महिने झिरपत पात्रात येतं. हेच झरे. नदीची धार बारीक झाल्यावरही कुंडात पाणी राहायचं ते बरंचसं या झऱ्यांमुळे. २००३ च्या कुंभमेळ्याच्या आधी पात्रात सपाट जागा व्हावी, गर्दी सुरक्षित उभी राहावी, म्हणून तळाला काँक्रीट पडलं. लाखो माणसं एका दिवशी एका जागी स्नानाला येतात तेव्हा घसरण्याची भीती खरी असते, ती नाकारता येत नाही. पण काँक्रीटने भेगांची तोंडं बंद केली, आणि कित्येक कुंडं नावापुरती उरली.

२०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडं पडलं. आधीचे पावसाळे अपुरे गेले होते, धरणात पाणी मोजकं होतं, ते पिण्यासाठी राखायचं होतं, आणि खालून झिरपून येईल अशी वाट उरलेली नव्हती. पाडव्याच्या स्नानासाठी टँकरने पाणी आणून कुंडात ओतावं लागलं. गंगेत टँकर. चार महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, त्याच घाटावर महापूर होता आणि मारुती पाण्यात होता.

या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या नाहीत. जमिनीत पाणी मुरायला जागा असते तेव्हा पावसाळ्यातलं थोडं पाणी उन्हाळ्यासाठी मागे राहतं आणि पुराचं टोकही तेवढं बोथट होतं. जमीन झाकली की पडलेलं पाणी लगेच धावतं, आणि नंतर काही उरत नाही. पुढे काही कुंडांचं काँक्रीट काढायचं काम झालं. ते व्हावं म्हणून नाशिककरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

दुरुस्तीनेही खूण बदलते

जुन्या मंदिरांचे दगड पाण्याने सहसा विरघळत नाहीत, आपला बेसॉल्ट चिवट आहे. झिजतात त्या दगडांमधल्या दरजा. जुनं बांधकाम चुन्यात होई. चुना घाण्यावर मळायचा, त्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी असं काही घालायचं. असा चुना पाणी थोडं आत घेतो आणि थोडं बाहेर सोडतो. पुरात भिंत भिजली तरी दिवाळीपर्यंत ती दरजांतून वाळते. पुढे कधीतरी त्याच दरजा सिमेंटने भरल्या जातात, कारण ते पटकन होतं आणि टापटीप दिसतं. सिमेंट ओलावा बाहेर पडू देत नाही. पाणी मग दगडाच्या पाठीमागे अडकतं आणि दगडाच्या कडेतून वाट काढतं, कड उडते, फटीत पिंपळाचं बी पडतं, आणि मुळं भिंत हलवायला लागतात. १७५६ मध्ये गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलेल्या सुंदरनारायण मंदिराचं काम अलीकडे पुरातत्त्व विभागाने हाती घेतलं, तेव्हा बरेच जण "इतकी वर्षं का लागताहेत?" म्हणून चिडायचे. चुन्याला वाळायला लागणारा वेळ घाईने कमी होत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि एक लहानशी गोष्ट स्वतः बघता येईल. घाटाजवळच्या एखाद्या जुन्या देवळात आत शिरताना पायऱ्या उतराव्या लागतात. "देऊळ खचलं" असं म्हणतात. बहुतेक वेळा देऊळ तिथेच असतं, बाहेरचा रस्ता चढलेला असतो. दर काही वर्षांनी डांबराचा थर, फरशीवर फरशी, पुरानंतर राहिलेला गाळ. चौकटीच्या खालचं कोरीव काम किती झाकलं गेलंय ते बोटांनी मोजा, त्या रस्त्याचं वय कळेल.

एक खूण मात्र नाशिकने वेगळ्याच रीतीने जपली आहे. जुन्या गावात पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत, तिवंधा, दिल्ली दरवाजा, शनी चौक अशा ठिकाणी. रहाड म्हणजे चांगला आठ-दहा फूट खोल दगडी हौद. वर्षभर तो लाकडी ओंडक्यांनी आणि मातीने बुजवलेला असतो. वरून दुचाक्या जातात, भाजीवाला बसतो, नवख्या माणसाला पत्ताही लागत नाही. रंगपंचमीच्या आधी गल्लीतली पोरं माती उकरतात, ओंडके बाजूला करतात, हौद धुतात, पूजा होते, रंग कालवला जातो, आणि दुपारी वरून धप्प करून उड्या पडायला लागतात. अंगाला लागलेला रंग चार दिवस जात नाही. मग पुन्हा ओंडके, पुन्हा माती. कुठल्या ओंडक्याच्या शेजारी कुठला बसतो, हे गल्लीतल्या दोन-चार म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं, आणि रंगपंचमीला ते कट्ट्यावर बसून पोरांना ओरडून सांगत असतात, "तो नाही रे, त्याच्या पलीकडचा आधी."